तंबूतला वास

कापड टरकल्याचा आवाज आला तेव्हा कारिन आणि तिचे वडील मर्ल तळ्याच्या काठी शेकोटीपाशी कॉफी पीत होते. वर चढावरच्या झाडांत त्यांच्या तंबूचं एक अंग खाली बसलं होतं आणि काळ्या अस्वलाची पाठ त्यातून बाहेर येत होती.

कारिन पळणारच होती. मर्लनी तिचा दंड धरला. "पळू नकोस. माझ्या शेजारी उभी राहा. हात वर कर, म्हणजे मोठी दिसशील."

ऐंशीला टेकलेले मर्ल कॉफीचं भांडं चमच्याने बडवत राहिले. शेजारच्या कुत्र्याला दटावावं तशा आवाजात ते अस्वलाला जायला सांगत होते. अस्वलाने तोंडातलं चघळून संपवलं, दोघांकडे पाहिलं आणि सावकाश जंगलात निघून गेलं.

मग कारिनला कंठ फुटला. खाण्याची पिशवी दूरच्या झाडाला उंच टांगलेली होती, तशीच होती. मग तंबूत काय होतं? बाबांना सारखी पेपरमिंटची गोळी लागते, तीच खिशात ठेवून ते झोपले असणार, असं तिने ठरवूनच टाकलं. मागे ड्यूलूथच्या घरी गॅस चालू ठेवून ते फिरायला गेले होते, तेही तिने उकरून काढलं.

"तुम्हाला आता भान राहत नाही, बाबा. तुमच्यापायी कुणाचा तरी जीव जाईल."

मर्लनी खिसे चाचपले. गोळ्या कालच संपल्या असं वाटतंय, म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. ते पिशवी उतरवायला गेले.

कारिन तंबू गुंडाळू लागली. तो फाटला होता तिच्या बाजूने. तिच्या झोपायच्या पिशवीच्या चिंध्या झाल्या होत्या आणि त्यांत शेंगदाण्याच्या चॉकलेटचा कागद होता, दातांनी भोकं पडलेला. निजताना अर्धं खाऊन उरलेलं तिने उशाशी ठेवलं होतं. तिने झाडांकडे एकदा पाहिलं, कागद मुठीत चुरगाळला आणि शेकोटीपाशी येऊन निखाऱ्यांत टाकला.

दुपारी वनखात्याची बाई होडीतून फेरीवर आली. कारिन काही बोलायच्या आत मर्ल उठून उभे राहिले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "माझ्या खिशात गोळ्या राहिल्या."

बाईने सगळं ऐकून घेतलं. ही जागा आता बंद ठेवावी लागेल, म्हणाली. तंबूत खायला मिळतं हे त्या अस्वलाला कळलंय. पुन्हा कुणाच्या तंबूत शिरलं तर त्याला गोळी घालावी लागेल. मर्लनी टोपी काढून हातात धरली. निघताना ती मर्लना वगळून कारिनशीच बोलली, लहान मुलाच्या आईशी बोलावं तशी. "पुढच्या वेळी यांच्यावर लक्ष ठेवा."

कारिनने मान डोलावली.

परतताना होडीत मर्ल पुढे होते, ती मागे. मर्लचं वल्हं नेहमीसारखं नीट, आवाज न करता पाण्यात जात होतं. तळ्याच्या मध्यावर ते म्हणाले, अस्वल पोरवयाचं होतं, आईपासून नुकतंच सुटलेलं असणार. आणि थोड्या वेळाने, ही होडी आता कुणाला तरी देऊन टाक.

"बाबा," कारिन त्यांच्या पाठीला म्हणाली, "तुमच्या गोळ्या नव्हत्या. माझं चॉकलेट होतं. मी उशाशी ठेवलेलं. कागद मी जाळून टाकला."

मर्लनी वल्हं थांबवलं. मागे वळून पाहिलं नाही.

"खरंच माझं होतं, बाबा."

"हो, बाळा," ते मायेने म्हणाले. "तुझी आईसुद्धा अशीच होती. माझं काही चुकलं की आपल्या अंगावर घ्यायची."