कॉफीचा घमघमाट

शर्वरीने थरथरणारे दोन्ही हात टेबलावर ठेवले. "इंजिनाच्या तेलाची वाफ विमानातल्या हवेत मिसळायची, सर. ओल्या मोज्यांसारखा कुबट वास यायचा. अठरा वर्षं तीच हवा घेत मी प्रवाशांना जेवण वाढलं. हातांची ही थरथर त्यामुळेच आहे."

"मग एकाही प्रवाशाने तक्रार कशी केली नाही?" विमान कंपनीच्या चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

कारण शर्वरीला ठाऊक होतं. असा वास सुटला की कॉफीची पाकिटं फोडून कोपऱ्याकोपऱ्यात ठेवायची, हे सीनियरनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. प्रवासी घाबरता कामा नयेत. तिनेही ते इमानेइतबारे केलं, नव्या पोरींकडून करून घेतलं.

"उलट तुमच्या विमानात कॉफीचा काय घमघमाट असतो, म्हणून लोकांनी कौतुकच केलंय!" अधिकारी हसले. "घ्या, कॉफी घ्या."

तिने दोन्ही हातांनी कप उचलला, तरी निम्मी कॉफी टेबलावर सांडली.

"टेन्शन, मॅडम. दुसरं काही नाही."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तोंडाला अठरा वर्षांची सवय. गोड हसून ती म्हणाली, "सॉरी सर, लगेच दुसरी आणते."