काचेतला पंखा

रत्नागिरीत सकाळपासून वीज नव्हती. व्यायाम करवून घ्यायला आलेल्या फिजिओथेरपिस्ट सावनीला अंथरुणाला खिळलेले अच्युतराव भिंतीवरचा, काचेच्या पेटीतला चिनी पंखा दाखवत होते. उशाशी बसलेल्या हेमाताईंना पुढचं सगळं पाठ होतं.

"बोटीवर होतो तेव्हा शांघायहून आणला. बावीस काड्या, सगळ्या चंदनाच्या. आणि रेशमावरचे करकोचे बघ गो, एकेक पीस हाताने रंगवलंय!"

"काकूंसाठी आणलात?"

"मग! लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत. पण चाळीस वर्षांत तिला हात म्हणून लावू दिला नाही हो. घामाने रेशमाला डाग पडतात."



हेमाताईंनी भरून आलेला उजवा हात मांडीवर टेकवला, कॅलेंडरचा पुठ्ठा डाव्या हातात घेतला आणि नवऱ्याला पुन्हा वारा घालू लागल्या.