ओळंब्यातली भिंत

"माझी घ्या," म्हातारा गवंडी उस्ता यदुल्ला म्हणाला आणि डॉक्टरांच्या पुढ्यातच कोटाची बटणं सोडायला लागला. "या बाजूला बारा, त्या बाजूला बारा. एखादी बरगडी गेली तर कोण मोजायला येतंय?"

फिरूजेनं बापाचा हात धरला. "बाबा, बटणं लावा आधी."

डॉक्टर सालारींनी त्याला बटणं लावू दिली, मग तिच्याकडे वळले. "फिरूजेखानम, पहिल्या ऑपरेशनच्या वेळी नाकाच्या मधल्या पडद्यातली कूर्चा काढली गेली. दुसऱ्या वेळी कानामागची. दोन्ही कोठारं आता रिकामी. नाक आतून बसलंय, म्हणून श्वास कोंडतो. ते उभं करायचं तर बरगडीचीच कूर्चा लागेल. एक तर तुमची स्वतःची. छातीखाली बोटभर व्रण राहील, पण काम टिकेल. नाहीतर मेलेल्या माणसाची, शुद्ध करून ठेवलेली. त्यात व्रण नाही, पण काही वर्षांत ती झिजूही शकते. वडिलांची नाही घेत आम्ही. या वयात तिचं हाड झालेलं असतं."

"दगड झाला असेल, दगड. चाळीस वर्षं विटा रचल्यात," उस्ता म्हणाला. "आणि मेलेल्याची म्हणजे कुणाची?"

"नाव नसतं, उस्ता."

"मग नको. उद्या त्याची विधवा दारात यायची, आमच्या ह्यांचं आहे ते द्या म्हणून."

फिरूजेला हसू आलं आणि हसू घशात अडकून खोकला आला. समोरचा चहा तसाच होता. साखरेचा खडा दातांत धरला की तोंड बंद होई, आणि तोंड बंद झालं की तिच्यासाठी जगातली हवाच संपे.

तिचा खोकला थांबेपर्यंत उस्ता खाली बघत राहिला. "मूळ दोष माझा, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला.

दोष लपण्याजोगा नव्हताच. तेहरानजवळच्या रे गावात नान भाजणाऱ्या नानवाईच्या रांगेत यदुल्ला तिसरा उभा असला तरी त्याचं नाक पहिलं असे आणि भट्टीवाला त्याच्याच हातात आधी नान ठेवी, अशी त्याची ख्याती.

"हे असलं नाक दिलं मी पोरीला. एकोणीस वर्षांची असताना म्हणाली, बाबा, पडदा वाकडा आहे, श्वास अडतोय. तेव्हापासून आरशात बघितलं की माझा जीव तुटतो. आता मुलाच्या पोरीनंही हेच नाक उचललंय. दहा वर्षांची आहे. सुनेला सांगून ठेवलंय, तिचा श्वास बंद पडायच्या आधीच चिरून घ्या."

बाहेर नाकाला पट्ट्या लावून बसलेल्या मुलींपैकी कुणालाही विचारा, ऑपरेशन हौसेनं केलं असं एकही म्हणणार नाही. पडदा वाकडा होता, हेच सांगेल. ऐकणाऱ्याला वाटावं, देवानं तेहरानात एकही पडदा सरळ घातलेला नाही. हे कुणी खरं मानत नाही आणि कुणी खोटंही म्हणत नाही. एकट्या यदुल्लानं ते खरं मानलं होतं.

"ती पहिल्या ऑपरेशनच्या आधीची एक्स-रे फिल्म दाखवा बरं," तो म्हणाला. "काय देऊन ठेवलं मी तिला, ते बघू दे."

डॉक्टरांनी फिरूजेकडे पाहिलं. "पंधरा वर्षं जुनी आहे, उस्ता. धूसर झालीय. राहू द्या."

"राहू द्या कसं? भिंत बसली की गवंड्याला पाया बघावाच लागतो."

त्यानं स्वतःच पाकिटातून फिल्म काढली आणि भिंतीवरच्या दिव्याच्या काचेवर लावली. उलटी लावली होती. डॉक्टरांनी ती नाइलाजानं सुलट केली. "हे दोन काळे बोगदे. त्यातनं हवा जाते. मधली पांढरी रेघ म्हणजे पडदा."

उस्तानं एक डोळा मिटला. रेघेसमोर अंगठा धरला आणि वरून खाली हळूहळू आणला. याच डोळ्यानं बघून त्यानं दुसऱ्यांच्या किती भिंती पाडायला लावल्या होत्या.

"ही तर ओळंब्यात आहे," तो म्हणाला. "केसभर कललेली नाही."

डॉक्टर टेबलावरचे कागद नीट करायला लागले. फिल्म जुनी आहे एवढं फिरूजे म्हणाली असती तरी त्यानं मानलं असतं. पंधरा वर्षं मानलंच होतं. तिच्या डोळ्यांपुढे भावाची दहा वर्षांची मुलगी आली.

"फिरूजे, जात होता श्वास?"

"हो, बाबा." तिनं तोंडानं हवा ओढली. "छान जात होता."

"मग?"

ती नुसतीच त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कुठे बघतेय ते त्याला कळलं, तशी तिनं मान खाली घातली.

त्यानं फिल्म उतरवली, पाकिटात सरकवली. "सुनेला कळवायला पाहिजे," तो म्हणाला. "पोर ठणठणीत आहे म्हणावं. हात लावू नका."

डॉक्टरांनी पेन्सिल उचलली. "बरगडी तुमचीच घेऊ, खानम. फक्त उंची किती ठेवायची?"

"पहिल्यासारखीच करा," फिरूजे म्हणाली.

"जुना एखादा फोटो?"

"नाही. सगळे फाडलेत मी."

तेव्हा डॉक्टरांनी साहजिकच उस्ताच्या नाकाकडे मान वळवली. उस्ता यदुल्लानं खुर्ची खिडकीकडे फिरवली.

"श्वास जाईल एवढं करा, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "माप घेताना माझ्याकडे बघू नका."