अप्पांचा ठिपका

अप्पांना अल्झायमर झाल्यावर अनिलकुमारनं त्यांच्या खिशात ठावठिकाणा दाखवणारं यंत्र घातलं. लहानपणी हुमनाबादच्या जत्रेला नेताना अप्पा त्याच्या खिशात नावगावाची चिठ्ठी घालायचे, तशातलंच ते.

सकाळी तो ऑफिसला निघाला, तेव्हा अप्पांनी त्याचा खिसा थोपटला. "गर्दी लई हाय बाळा, चुकू नको."

दुपारी बायकोचा फोन आला, "अप्पा घरात न्हाईत!" मोबाइलवरचा ठिपका त्याच्याच ऑफिसात होता. ऑफिस पालथं घालून तो मोटारसायकलीवरून बसस्टँडवर धावला. ठिपकाही स्टँडवर आला. हायवेच्या धाब्यावर गेला, ठिपका धाब्यावर. या वयातही अप्पा मोटारसायकलीला हार जात नव्हते.

घाम पुसायला त्यानं खिशातला रुमाल ओढला, तर सोबत यंत्र बाहेर आलं.

तेवढ्यात पुन्हा बायकोचा फोन. "सापडले का ओ?"



"मी सापडलोय," तो म्हणाला.