काढलेली ओळ

जुन्या प्रोग्रॅममध्ये कोणी काय बदललं आणि त्यापाठोपाठ काय केलं, हा सगळा इतिहास तिने आपल्या नव्या टूलला वाचायला दिला होता. आता एक बदल केला की पुढचं पाऊल ते आपणहून सुचवायचं.

सकाळचा गार डबा खाता खाता तिने त्या प्रोग्रॅममधली एक ना कामाची ना धामाची ओळ काढून टाकली. टूलने लगेच सुचवलं, 'ही ओळ काढणाऱ्या सगळ्यांनी तोंडातला घास थुंकला.'

"सर, ही थट्टा तुमचीच ना?" तिने भरल्या तोंडाने शेजारच्या जुन्या प्रोग्रॅमरला विचारलं.

सरांनी पडद्याकडे पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला. त्यांना काही चावताना ऑफिसात कोणी पाहिलं नव्हतं. दुपारी ते फक्त पाणी प्यायचे, तेही गाळून.

"ओळ परत टाक," ते म्हणाले. "त्याआधी थुंक."

"जेवताना काहीतरीच काय बोलता."

असल्या थट्टेला भीक घालायची नाही, म्हणून तिने मुद्दाम सावकाश चावायला घेतलं. घास कोमट लागला. ओलसर, थोडा केसाळ. किळस येऊन तिने तो जिभेने गालाकडे सारला.

घासाने जिभेला परत ढकललं.