दाबा, धरा, सोडा

"नाना, जरा गाडीत बसा," सून गाडीच्या पुढून म्हणाली. "पेडल दाबायला माणूस हवा."

नाना पायरीवरच उभे राहिले. जुनी गाडी अंगणात लोखंडी स्टँडवर चढवलेली होती आणि पुढची दोन्ही चाकं भिंतीला टेकवून ठेवली होती. गाडी वाळूच्या ढिगाऱ्यात घुसली त्या दिवसापासून त्यांनी तिच्या दाराला हातसुद्धा लावला नव्हता.

"शेजारच्यांना बोलावू का?"

"शेजारी कशाला? तुम्ही आहात ना घरात."

सकाळपासून ते तिला बघत होते, हात पाठीमागे बांधून, लांबून. बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये ती रोज हेच करते, हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. तिने ब्रेकचे जुने ड्रम उतरवले, मग चाकं ज्यावर बसतात ते हबसुद्धा काढले. नव्या ब्रेकच्या डिस्क जुन्या हबवर बसत नाहीत, म्हणाली. नव्या हबच्या बेअरिंगमध्ये तिने तळहाताने ग्रीस भरलं, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. नट आवळला, हब हाताने फिरवला, कान जवळ नेला, नट किंचित सैल केला, पुन्हा फिरवला. मनासारखं झाल्यावरच नट अडकवणारी पिन घातली. घाई नाही, ओढाताण नाही. नानांचा जन्म गाड्या चालवण्यात गेला होता, पण असा हात त्यांनी क्वचितच पाहिला होता. घरात हीच पोरगी चहा विचारतानासुद्धा हळू बोलायची.

ते गाडीत बसले. सीट त्यांच्या पाठीला ओळखीची होती, तरी अंग आखडलं.

"दाबा," पुढून आवाज आला.

पेडल खाली गेलं. थेट तळाला. उतारावर त्या दिवशी अस्संच गेलं होतं. मागच्या सीटवर चिऊ होती, हिचीच लेक. पोरीचा नुसता ओठ फुटला, तेवढ्यावरच निभावलं होतं.

"धरा. हं, सोडा."

नानांचा पाय पेडलवर तसाच रुतून राहिला. तो उचलेना.

"नाना, सोडा म्हटलं ना!"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाई म्हणाल्या, "ओरड, चांगली ओरड. मी इतकी वर्षं सांगतेय, माझं एक ऐकलं नाही त्यांनी."

नाना हसले नाहीत. "अगं," ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी माझा पायच चुकला असेल बघ. पोरगा म्हणतो ते खरं असेल. वय झालं आता."

सून उठली. उतरवलेला जुना ड्रम तिने दोन्ही हातांनी उचलला आणि उघड्या दारातून त्यांच्यापुढे धरला.

"आत बोट फिरवा."

नानांनी बोट फिरवलं. ते काळं, ओलं होऊन बाहेर आलं.

"हे ब्रेकचं तेल. आतला सिलिंडर गळत होता, कुणाला पत्ता नव्हता. तुमचा पाय चुकला नव्हता, नाना. पाय पेडलवरच होता. पेडलच्या पुढे काही उरलं नव्हतं." तिने ड्रम खाली ठेवला. "यांनाही दाखवलं सकाळी. 'पाय चुकला' म्हणणं तिथेच थांबलं त्यांचं. आणि तो वाळूचा ढीग काही आपणहून समोर आला नव्हता. स्टेअरिंग कुणी वळवलं?"

नाना बोटाकडे बघत राहिले.

"चला, दाबा. नळीत हवा आहे अजून."

त्यांनी दाबलं. धरलं. सोडलं. ब्रेकला लावलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत उतरत होते. चारही चाकांशी फिरून तिने तेच केलं. दर खेपेला पेडल थोडं वरच अडायला लागलं. शेवटी पायाखाली ते घट्ट झालं, भिंतीला पाय लावल्यासारखं.

"सोडा."

नानांनी सोडलं नाही. तिनेही पुन्हा सांगितलं नाही. ती नळी गुंडाळायला लागली.

चाकं चढवून झाल्यावर गल्लीत आधी तिनेच फेऱ्या मारल्या. वेग घेऊन थांबली, पुन्हा वेग घेऊन थांबली. मग उतरली, वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिली. नानांना बसावंच लागलं.

बाजाराकडच्या त्याच उतारावर त्यांनी स्टेअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. अर्ध्यावर आल्यावर तिने नुसतं "आता" म्हटलं. नानांनी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, न ओढता, न कुरकुरता थांबली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"वाजवू दे," सून म्हणाली. "त्याला कुठे माहितीय."

उतार संपला तिथे बसथांबा होता. तिथे तिने गाडी उभी करायला लावली आणि दार उघडलं.

"माझी दुपारची पाळी आहे. चिऊची शाळा सुटायला आलीय, तिला तुम्हीच घेऊन या."

"मी? एकटा?"

"एकटे कशाला? येताना चिऊ असेल की."

दार लावून ती थांब्याकडे गेली. नाना आरशात बघत राहिले, निदान एकदा तरी ती वळून बघेल म्हणून. ती नखांतलं ग्रीस काढत बसची वाट बघत उभी होती.