अण्णांचं सुतक

नाटकात स्त्रीभूमिका करणारे आष्टेकर वारल्याची बातमी पेपरात वाचली आणि सांगलीच्या अण्णा वकिलांनी डोक्यावरून गार पाणी ओतून घेतलं. मग ओलेत्यानंच पाटावर बसून राहिले. आष्टेकरांना ते उभ्या जन्मात भेटले नव्हते; पाहिलं ते तिसऱ्या रांगेतून.

चारुशीलाबाई दाराला टेकून हे सुतक बघत होत्या. सख्खा चुलता गेला तेव्हा याच गृहस्थानं सर्दीचं निमित्त सांगून हातपाय धुण्यावर भागवलं होतं.

"काय ते शालू नेसणं! काय ते लाजणं!" अण्णांनी नाक शिंकरलं. "अशी बाई पुन्हा होणे नाही."

"मिशा भादरून उभा राहायचा मेला," बाई म्हणाल्या.

"तुला काय कळणार त्यातलं?"

न कळायला काय झालं? वाईहून सासरी आल्यापासून त्या दुसरं ऐकत काय होत्या? लुगड्याचा घोळ आष्टेकरांसारखा पडत नाही, मान तशी वळत नाही, चहा देताना करंगळी तशी उचलत नाही. वडील गेले तेव्हा त्या रडल्या, तर ते रडणंही आष्टेकरांपुढे फिकं पडलं होतं.

बाईंनी कोरडा पंचा आणून अण्णांच्या खांद्यावर टाकला.

"पितृपक्ष तोंडावर आलाय. अविधवा नवमीला एक सवाष्ण जेवायला सांगते. लुगडं-चोळीही देऊ, चांगली भारीतली."

"नवमीला?" अण्णा गोंधळले. "नवऱ्याआधी गेलेली बाई आपल्या घरात आहे कोण?"

"माझी सवत."